दामोदर साळिंदराची स्वस्तातली सासुरवाडी

एका जंगलात सगळेच प्राणी हुशार होते. त्यामुळे तिथं शांतता अशी कधी नसायचीच. पण मुलांनो, आपल्याला सगळ्यांशी काही करायचं नाही. आपली गोष्ट त्यातल्या सर्वांत हुशार प्राण्याची आहे.

मी ‘मुलांनो’ म्हटल्यावर तुमच्यातले काही जण मागे वळून बघायला लागले. तुम्हालाच म्हणतोय. टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी गोष्ट ऐकायला बसलेला माणूस माझ्या लेखी मूलच. नीट मांडी घाला. आणि तो मागचा, फोन खाली ठेव. गोव्याचं तिकीट किती झालं ते गोष्ट संपल्यावर बघ.

तर या जंगलात दामोदर नावाचा एक साळिंदर राहत होता. त्याची बायको सुभद्रा. डोंगराच्या उतारावर त्यांचं कोरडं, उबदार बीळ होतं. सुभद्रा दिवसभर कंदमुळं उकरायची, बीळ झाडायची, पावसाळ्याची बेगमी करायची. दामोदर विचार करायचा.

त्या जंगलात पैशांच्या जागी हिरडे चालत. हिरडा वाळला की वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून. दामोदरपाशी हिरड्यांचं एक पोतं होतं. पोत्यात नवे हिरडे पडायचे. जुने बाहेर पडायचे असा काही त्या घराचा रिवाज नव्हता.

दामोदर कंजूष होता का? छे. कंजूष प्राणी खर्चच करत नाही. दामोदर खर्च करायला एका पायावर तयार असायचा, फक्त योग्य भावाची वाट बघायचा. प्रवासाच्या बाबतीत तर त्याचा शब्द जंगलात शेवटचा मानला जाई. कुठं कधी जावं, कधी जाऊ नये, कोणाच्या पाठीवरून गेलं तर किती वाचतं, हे विचारायला लांबलांबून प्राणी येत.

एकदा त्यानं सुभद्रेला उत्तरेकडचा मोठा धबधबा दाखवायला नेलं होतं. ऐन वैशाखात. पावसाळ्यात तिथं जायला पाच हिरडे पडत, वैशाखात एका हिरड्यात काम झालं. धबधब्याला पाणी नव्हतं. पण गर्दीही नव्हती.

“खडक बघ किती स्वच्छ दिसतोय,” दामोदर म्हणाला होता. “पाण्याच्या दिवसांत लोकांना हा खडक दिसतच नाही.”

सुभद्रेनं खडक बघितला. घरी आल्यावर तिनं शेजारणीला सांगितलं, की धबधबा छान आहे. बायका असं सांगतात.

आता प्रवासाची व्यवस्था ऐका, म्हणजे पुढं अडणार नाही. हे जंगल होतं घाटावर. घाट उतरला की समुद्राकाठी दुसरं रान होतं. तिथं आंबा, काजू आणि खारा वारा. उन्हाळ्यात माकडांच्या शाळेला सुट्टी लागली, की घाटावरच्या प्रत्येकाला तो खारा वारा आठवायचा. मग सगळे एकाच आठवड्यात निघायचे आणि ‘यंदा किती गर्दी’ म्हणून एकमेकांकडे बघून कपाळाला आठ्या घालायचे.

घाट उतरवून न्यायचं काम भैरू गवा करायचा. भैरूची पाठ म्हणजे अंगणच. सकाळी बसलं की संध्याकाळी समुद्र. पण भाडं भैरू ठरवत नसे. ते धनेशबाई ठरवत.

धनेश पक्ष्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल. अंडी घालायचे दिवस आले की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. ढोलीचं तोंड मातीनं लिंपून घेतात, चोच जाईल एवढी फट ठेवतात, आणि नवरा बाहेरून फळं आणून भरवतो. तीन महिने बाई आत. धनेशबाईंनी विचार केला, नुसतं बसून काय करायचं? हाताला काहीतरी काम हवं. खिडकी तर तयारच आहे. म्हणून त्यांनी बुकिंग घ्यायला सुरुवात केली.

फटीतून त्यांना बाहेरचं काही दिसत नसे. फक्त आवाज ऐकू येई. कोणी “घाटाखालचं भाडं काय?” असं विचारलं, की त्या जांभळाची एक बी बाजूला काढून ठेवत. पाच बिया झाल्या की भाडं एका हिरड्यानं वाढवत. विचारणारे वाढले म्हणजे गर्दी वाढली. आणि एखादा अख्खा दिवस कोणीच विचारलं नाही, तर भाडं एका हिरड्यानं उतरवत. पद्धत सोपी होती. सोप्या पद्धती हुशार प्राण्यांना फार त्रास देतात.

त्या वर्षी सुट्टी लागायच्या आधीच एक बगळी घाट चढून आली आणि साळिंदरांच्या बिळापाशी उतरली. तिनं निरोप आणला होता. निरोप सुभद्रेच्या आईचा, आवडाबाईंचा. त्या समुद्राकाठच्या रानात एकट्या राहत. बगळीनं निरोप जसाच्या तसा सांगितला.

“बाय, माझ्या डोळ्यांपुढं धुकं येतंय. वैद्य म्हणतो, फार तर एक महिना दिसेल, पुढं काय खरं नाय. आंबे लागलेत. लवकर ये. तुझं तोंड एकदा नीट बघून घेते.”

 सुभद्रा आत गेली, तिनं वाळवलेली रानअंजिरं काढली आणि पळसाच्या पानात त्यांचं गाठोडं बांधलं. आवडाबाईंचं लहानपण घाटावर गेलेलं. खाली त्यांना आंबे खाऊन कंटाळा यायचा, पण घाटावरचं अंजीर दिसलं की त्या लहान पोरीसारख्या हात पुढं करायच्या.

“अहो,” सुभद्रा म्हणाली, “आजच बुकिंग करून या. उद्या निघू.”

दामोदर गेला आणि भाडं विचारून आला. माणशी सहा हिरडे. म्हणजे साळिंदरशी सहा.

“मग काढलंत?”

“अगं, वेडी का काय तू?” दामोदर हसला. “पहिल्या दिवशी सांगितलेलं भाडं फक्त गाढव देतं.”

आता झालं असं, की बिळाबाहेरच्या वाटेनं त्या वेळी खरोखरच एक गाढव चाललं होतं. गेनू त्याचं नाव. कुंभारवाड्यातून सुटून जंगलात आलेलं. त्यानं हे ऐकलं. त्याला वाटलं, फक्त गाढवांसाठी काही खास सोय आहे. तो तडक ढोलीपाशी गेला, भाडं विचारलं, सहा हिरडे दिले, दुसऱ्या सकाळी भैरूच्या पाठीवर बसला आणि संध्याकाळी समुद्राकाठी उतरला. त्याच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

दामोदरनं मात्र कामाला हात घातला.

पहिलं तत्त्व, भाव उतरण्याची वाट बघायची. दुसरं तत्त्व, उतरला का ते सारखं बघत राहायचं. तो सकाळी ढोलीपाशी जाऊन विचारायचा. दुपारी विचारायचा. ऊन कललं की परत विचारायचा. प्रत्येक वेळी ढोलीत एक बी बाजूला पडायची.

तिसऱ्या दिवशी भाडं सात झालं.

“म्हटलं नव्हतं?” दामोदर घरी येऊन म्हणाला. “ही बाई आपला आवाज ओळखते. याला गरज आहे हे तिला कळलंय. म्हणून चढवतेय.”

“मग सातला काढा. अजून चढायच्या आत.”

“सुभद्रे, घाबरून घेतलेलं तिकीट नेहमी महाग पडतं.”

त्यावर त्यानं उपाय शोधला. एका खारीनं त्याला सांगितलं होतं, की मोठ्या पानाआड लपून विचारलं की आपली ओळख लागत नाही आणि अनोळखी प्राण्याला धनेशबाई कमी भाडं सांगतात. खारीला हे माकडानं सांगितलं होतं. माकडाला कोणी सांगितलं, ते माकडालाही ठाऊक नव्हतं. पण एवढ्या प्राण्यांनी सांगितलं म्हणजे खरं असणार.

मग दामोदरनं सागाचं एक भलंमोठं पान आणलं. पानाआडून तो एकदा तरसाच्या आवाजात विचारायचा, एकदा भेकराच्या, एकदा नुकत्याच लग्न झालेल्या मोराच्या. ढोलीतल्या धनेशबाई चकित होऊन नवऱ्याला म्हणत, “यंदा काय लोंढा आहे हो. तरस, भेकरं, मोर, सगळी दुनिया खाली चाललीय.” नवरा फळं वेचायला सारखा बाहेर असायचा, त्यामुळे त्यालाही काही ठाऊक नव्हतं. त्यानं मान हलवली.

भाडं आठ झालं. मग नऊ. मग अकरा.

दामोदरकडून भाडं ऐकून इतर प्राणी बिचकले. अकरा हिरडे कोण देणार? ज्यांना जायचं होतं ते घरीच बसले आणि संध्याकाळी दामोदरकडे सल्ला विचारायला यायला लागले. दामोदर त्यांना सांगायचा, थांबा. घाई करू नका. बाजारावर माझी नजर आहे.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. माझी एक आत्या होती. दर दिवाळीला पत्र पाठवायची, ये रे म्हणून. आणि दर दिवाळीला मी तिकिटाचे भाव... जाऊ द्या. आपण साळिंदराची गोष्ट सांगतोय.

पंधरा दिवस झाले. सुभद्रेनं अंजिरांचं गाठोडं चार वेळा सोडून उन्हाला घातलं आणि चार वेळा बांधलं. आणि एका संध्याकाळी गेनू गाढव पायी घाट चढून परत आला. अंगानं भरला होता. तोंडाला आंब्याचा रस वाळलेला. सुभद्रेनं त्याला वाटेतच गाठलं.

“गेनूभाऊ, आई कशी आहे माझी?”

“बरी हाय,” गेनू म्हणाला. “दाराशीच बसत्यात. वाटेनं कोण आलं की उठत्यात. मी गेलो तर मला म्हणाल्या, कोण, सुभद्रा का?”

“तुम्हाला?”

“व्हय. मी म्हटलं, न्हाय आजी, मी गाढव हाय. मग लई जवळ आल्या. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आन् नीट बघितलं. म्हणाल्या, हां, आता दिसलं. गाढवच हायस.” गेनू जरा लाजला. “मग रोज दोन आंबे द्यायच्या मला. म्हणायच्या, सुभद्रेला पण हेच झाड आवडतं.”

सुभद्रा बिळात आली. दामोदर सागाच्या पानाला डोळ्यांसाठी नवी भोकं पाडत होता.

“अहो, तिला आता गाढव आणि मी यातला फरक दिसत नाही.”

“मग अजून पंधरा दिवस आहेत ना? वैद्य महिना म्हणाला होता. आपण मुदतीच्या आत आहोत.”

मुलांनो, या ठिकाणी मला दामोदरचा राग येतो. दर वेळी येतो. पण गोष्ट सांगणाऱ्यानं रागावून चालत नाही, म्हणून पुढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी भैरू गवा स्वतःच बिळापाशी आला. पाठ रिकामी. एक कावळा तेवढा शेपटीजवळ बसला होता, तोही फुकट.

“वैनी, चला की,” भैरू म्हणाला. “गेनूला खाली सोडल्यापास्नं मी मोकळाच उतरतोय आन् मोकळाच चढतोय. धनेशबाय म्हणत्यात गर्दी लई हाय. मला तर कोन दिसंना. तुमची आई वाट बघतीया असं गेनू म्हणाला. बसा. काय द्यायचं ते द्या.”

सुभद्रेनं गाठोडं उचललं. तिचा एक पाय भैरूच्या गुडघ्यावर टेकलासुद्धा.

“थांब,” दामोदर म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. “काय म्हणाला तो? काय द्यायचं ते द्या?”

“हो. चला.”

“म्हणजे भाडं पडायला लागलंय, सुभद्रे. हाच तो क्षण. आणि जे पडायला लागलंय, ते अजून पडणार. आज त्याला हो म्हणणं म्हणजे अर्ध्या वाटेत हात टेकणं.”

“मी एकटी जाते मग.”

“एकटी? अगं, जोडीनं गेलं तर दोघांत मिळून अर्धा हिरडा सूट आहे. तू एकटी गेलीस की तीही गेली.” तो भैरूकडे वळला. “चार दिवसांनी ये. तेव्हा बोलू.”

सुभद्रा गव्याच्या गुडघ्यावर पाय ठेवून उभी राहिली. तिनं आयुष्यात एकटीनं प्रवास केला नव्हता. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षं प्रत्येक वेळी नवऱ्याचं म्हणणं हिशेबात बरोबरच निघालं होतं. अशा माणसाबरोबर राहिलं की आपलं मन चुकतंय असं वाटायला लागतं. तिनं पाय खाली घेतला.

भैरूनं मान हलवली आणि तो कावळ्याला घेऊन घाट उतरला.

चार दिवसांनी तो आला नाही. रिकामं उतरून उतरून त्याच्या खुरांना भेगा पडल्या होत्या, तो तळ्याच्या चिखलात पाय बुडवून बसला. दामोदर ढोलीपाशी गेला. हरणाच्या आवाजात विचारलं. उत्तर आलं, पंधरा हिरडे.

पण हुशार प्राणी हरत नाही. त्याच संध्याकाळी दामोदर नाचत बिळात शिरला.

“जमलं, सुभद्रे. तीन हिरडे. दोघांचे मिळून तीन. लोक घाटातून सरळ जातात, तिथंच फसतात. आपण सरळ जायचंच नाही.”

त्याची योजना अशी. एक कासव तळ्याकडं निघालं होतं. ते फुकट नेणार होतं, फक्त वाटेत त्याची कहाणी ऐकायची. तळ्यापाशी एक म्हैस डुंबत होती. ती डुंबणं संपलं की नदीकडं जाणार होती, तीही फुकट नेणार होती. नदीवर एक पाणमांजर ओंडक्यावरून प्रवासी नेत असे. ते तीन हिरडे घेणार होतं. नदी आधी उत्तरेला जायची, मग डोंगराला वळसा घालून समुद्राला मिळायची, आणि तिथून किनाऱ्यानं दक्षिणेला आलं की आवडाबाईंचं रान.

“किती दिवस लागतील?” सुभद्रेनं विचारलं.

“दिवस आपल्याकडं फुकटच आहेत.”

तुम्ही विचाराल, पायी का नाही गेले? घाट काही फार मोठा नव्हता. दोन दिवसांत पायी उतरता आला असता. पण पायी जायला भाडंच पडत नाही. आणि ज्याला भाडंच नाही, त्यात वाचवायचं काय? दामोदरला तो प्रवास बिनकामाचा वाटायचा.

निघताना गाठोड्याचा प्रश्न आला. पाणमांजर सामानाचा एक हिरडा वेगळा घेई. अंगावरचं सामान मात्र धरत नसे. दामोदरनं थोडा विचार केला, गाठोडं सोडलं आणि एकेक अंजीर सुभद्रेच्या पाठीवरच्या काट्यांना टोचून ठेवलं. सत्तावन्न अंजिरं बसली. सुभद्रा बाजारातल्या विक्रीच्या टोपलीसारखी दिसायला लागली.

“झालं की नाही काम?” दामोदर म्हणाला. “देवानं काटे उगाच दिलेले नाहीत.”

कासवानं चार दिवस लावले. त्याची कहाणी दीडशे वर्षांची होती आणि त्यानं काही गाळलं नाही. म्हैस तीन दिवस चिखलातून उठली नाही. सुभद्रा काठावर बसून तिच्याकडं बघायची आणि म्हैस तिच्याकडं बघायची. पाणमांजराचा ओंडका पाच दिवस वाहत होता. वाटेत मुंग्यांना सुभद्रेच्या पाठीवरच्या अंजिरांचा पत्ता लागला. मुंग्यांना हाकलायला पाठीवर हात पोचत नाही. दामोदर झोपलेला असायचा, कारण प्रवासाची दगदग झाली होती.

“मुंग्यांचं भाडं पडत नाही ना?” त्यानं पाणमांजराला एकदा विचारून खात्री करून घेतली.

बाराव्या दिवशी दुपारी ते पोचले.

आवडाबाई दाराशी बसल्या होत्या. आंब्याच्या झाडावर एकही आंबा नव्हता. खाली वाळलेल्या कोयी पडल्या होत्या. सुभद्रा जाऊन समोर उभी राहिली. आवडाबाईंनी तोंड वर केलं, पण तिच्या जरासं डावीकडं.

“कोण गो?”

“आई, मी.”

आवडाबाई काही वेळ तशाच डावीकडं बघत राहिल्या.

“आलीस गो बाय,” त्या म्हणाल्या. “चार दिवस उशीर झाला बघ. आधी धुकं होतं. आता धुकंपण दिसत नाय.”

सुभद्रा खाली बसली. आवडाबाईंनी तिचं तोंड हातांनी चाचपलं. कपाळ, नाक, गाल. मग हात मागं पाठीवर गेला.

“बारीक झालीस. आणि हे काट्यांना काय चिकटलंय?”

“अंजिरं होती,” सुभद्रा म्हणाली. “तुझ्यासाठी.”

आवडाबाईंनी एक वाळकं साल काट्यावरून काढलं, नाकाशी नेलं आणि मुठीत धरून ठेवलं.

“आई, एक गंमत सांगू का?” दामोदरला आता राहवेना. “बारा हिरड्यांचा प्रवास आम्ही तीन हिरड्यांत केला.”

“हुशार आहात हो जावईबापू. म्हणजे नऊ उरले.”

“बरोबर नऊ.”

“त्यांचं काय करणार?”

“पुढच्या वर्षी तुम्हाला भेटायला येण्यासाठी ठेवलेत,” दामोदर अभिमानानं म्हणाला.

आवडाबाई हसल्या. त्या चांगल्या स्वभावाच्या होत्या. मग लेकीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “मागं एक गाढव आलं होतं. गुणी पोर. त्याचं तोंड तेवढं मी नीट बघितलं. त्यानंतर काही नीट दिसलंच नाय. आता डोळे मिटले की तुझं तोंड आठवायला जाते, आणि मेलं ते लांबट तोंडच येतं समोर.”

सुभद्रा रडली. आवाज न करता, खूप वेळ रडली. दामोदर जरा लांब जाऊन समुद्र बघत बसला. समुद्र बघायला काही पडत नव्हतं, म्हणून त्यानं पोटभर बघितला.

दोन दिवसांनी दामोदर परत निघाला तेव्हा सुभद्रा म्हणाली, “मी येत नाही. इथंच राहते आईपाशी.”

“किती दिवस?”

“मी येत नाही म्हटलं ना.”

दामोदर विचारात पडला. थोड्या वेळानं त्याचा चेहरा उजळला. परतीचं भाडं आता एकाचंच पडणार होतं.

घाटाच्या पायथ्याशी भैरू भेटला. त्याचे खूर बरे झाले होते.

“एका हिरड्यात नेतो,” भैरू म्हणाला. “तुमी गेल्यापास्नं भाडं रोज उतरतंय. इचारायलाच कोन येत न्हाय म्हनं.”

हे ऐकून मात्र दामोदर खरोखर हळहळला. वाटभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. “चूक झाली, भैरू,” तो सारखं म्हणत होता. “चूक झाली माझी. अजून पंधरा दिवस थांबायला हवं होतं.”

जंगलात त्याचा सत्कार झाला. तीन हिरड्यांत दोघं समुद्राला जाऊन आले, ही बातमी आधीच पोचली होती. दोघं गेले हे खरं. दोघं आले नाहीत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याला शाल घातली, ती काट्यांत अडकून फाटली. मग त्यानं ‘प्रवास आणि संयम’ या विषयावर दोन तास भाषण दिलं. तरुण प्राण्यांनी पानांवर टिपणं घेतली.

त्याच सुमारास धनेशबाईंची पिल्लं मोठी झाली. त्यांनी ढोलीची माती फोडली आणि तीन महिन्यांनी बाहेर पाऊल टाकलं. त्यांना त्या वर्षीची ती अफाट गर्दी एकदा बघायची होती. पण झाडाखाली एकच पाऊलवाट पडली होती, उताराकडून येणारी. वाटेवर जागोजाग साळिंदराचे गळलेले काटे होते आणि ढोलीसमोर एक भोकं पडलेलं सागाचं पान.

धनेशबाईंना सगळा उलगडा झाला. त्या सभेत गेल्या आणि त्यांनी सांगितलं, “अहो, त्या गेनूनंतर विचारणारा हा एकटाच होता. भाडं यानंच चढवलं.”

 मग एक म्हातारं माकड उठून म्हणालं, “म्हणजे अख्खा बाजार यानं एकट्यानं चालवला?”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दामोदरला दुसरी शाल घातली.

गेनू गाढव मागच्या रांगेत बसला होता. त्याला भाषणातलं फारसं कळलं नाही. त्याला शेजारच्यांनी विचारलं, तुझे किती वाचले? तो म्हणाला, काही नाही, मी सहा दिले. सगळे हसले. तोही हसला.

पुढच्या उन्हाळ्यात माकडांच्या शाळेला सुट्टी लागली. बगळी काही घाट चढून आली नाही. दामोदर सकाळी उठला, कंद स्वतःच उकरून खाल्ला, आणि सवयीनं ढोलीपाशी गेला. धनेशबाई परत आत बसल्या होत्या.

“घाटाखालचं भाडं काय?” त्यानं विचारलं. यंदा त्यानं पान आणलं नव्हतं.

“दोन हिरडे. काढू का?” आतून आवाज आला. मग धनेशबाई जरा थांबून म्हणाल्या, “दामोदरभाऊच ना तुम्ही? यंदा कोणाकडं निघालात?”

दामोदरनं घाटाच्या वाटेकडं बघितलं.

“कोणाकडं नाही,” तो म्हणाला. “नुसतं बघतोय.”

तात्पर्य: मुलांनो, सुट्टीच्या दिवसांत प्रवासाचा खर्च वाचवायचे उपाय पुष्कळ आहेत, पण पुरेपूर बचत फक्त त्याचीच होते ज्याची वाट बघणारं कोणी उरलेलं नाही. तेव्हा भाव उतरायची वाट बघत शांत बसा. वाट बघणारे एकेक करून कमी होतातच. माझी आत्या गेली, तेव्हापासून दिवाळीच्या तिकिटावर माझा एक रुपयाही खर्च झालेला नाही.